तड्यावर चिकटवलेला कागद

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी दातांच्या दवाखान्यातली माशांची टाकी तडकली. फार आवाज झाला नाही. पुढच्या काचेतला तडा खालच्या कोपऱ्यातून वरपर्यंत गेला आणि पाणी लादीवर आलं. बाकावर तीन रुग्ण होते. त्यांनी पाय वर घेतले. सात माशांपैकी पाच बादलीत पोहोचले.

साफसफाई करणाऱ्या मावशींच्या हातात तेव्हा काच पुसायचं फडकं होतं. आळ यायला तेवढं पुरलं.

"कढई घासताय का मावशी?" डॉक्टर आतून धावत आले. "काच आहे ती! उद्यापासून येऊ नका."

मावशींनी काउंटरकडे पाहिलं. काउंटरवरची स्वागतिका खणात डोकं घालून टाकीचं वॉरंटी कार्ड शोधत होती. ते सापडलं.

"एकोणीस दिवसांपूर्वी संपली, सर," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

मावशींनी लादी कोरडी केली, फडकं पिळून दांडीवर वाळत घातलं आणि त्या निघून गेल्या.

स्वागतिकेला एक गोष्ट माहीत होती. दोन महिन्यांपूर्वी मावशींनीच तिला सांगितलं होतं, "ताई, कोपऱ्यात केसाएवढा तडा आहे. बोट फिरवलं की लागतो." ती म्हणाली होती, बघू. आठवड्याने मावशींनी पुन्हा सांगितलं, तेव्हा तिने 'काचेवर टकटक करू नये' असा कागद छापला आणि नेमका त्या तड्यावर चिकटवला. तिसऱ्यांदा मावशी म्हणाल्या, "ताई, कागद ओला होतोय." तिने कागद बदलला. या वेळी प्लास्टिकच्या पाकिटात घालून लावला.

यात तिचा काही डाव नव्हता. कंपनीकडे तक्रार करायची म्हणजे फोटो काढा, अर्ज भरा, मागे लागा. फोन वाजत होते, रुग्ण येत होते, आणि मुदतीला अजून वेळ होता.

आता तिला वाईट वाटायला हवं होतं. दुपारपर्यंत तिने वाट पाहिली. काहीच वाटलं नाही. तिने अकरा रुग्णांना पुढच्या वेळा दिल्या.

चार वाजता टाक्या दुरुस्त करणारे काका आले. फडक्याची आणि मावशींना काढल्याची गोष्ट डॉक्टरांनी त्यांना फोनवरच सांगितली होती. चष्मा कपाळावर सरकवून ते लादीवरच बसले आणि त्यांनी कागद सोलून काढला.

"हा कुणी लावला?"

"मी. मुलं टकटक करायची."

"इतक्या खाली? रांगणारी पोरं येतात का तुमच्याकडे दात दाखवायला?"

काकांनी तड्यावर नख फिरवलं. नखाला पांढरी भुकटी आली.

"हा क्षार. पाणी झिरपून झिरपून बसतो, एका दिवसात नाही. तडा जुना आहे. फडक्याने काच फुटत नाही."

डॉक्टर दारात उभे होते. "पण काका, वॉरंटी तर संपलीच ना?"

"संपली. कंपनी नाही म्हणेल, आणि तसं कार्डावर छापलेलं आहे. त्या बाईंना मात्र तुम्ही कुठल्या कार्डावरून काढलंत, साहेब? मुदतीत तक्रार गेली असती तर टाकी बदलून मिळाली असती. बघणारं कुणीच नव्हतं का इथे?"

"होतं!" स्वागतिकेचा आवाज तिलाच परका वाटला. "मावशींनी तीनदा सांगितलं होतं! मला! मी कागद लावला!"

बाकावरच्या रुग्णाने वर्तमानपत्र खाली घेतलं.

"मग सकाळी बोलली का नाहीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि... माझ्यावर आलं नाही, म्हणून मला बरं वाटलं."

डॉक्टरांनी काकांच्या नखावरच्या त्या भुकटीकडे पाहिलं. "विचारायला हवं होतं मी," ते म्हणाले. "हातात फडकं दिसलं, तेवढ्यावर ठरवून टाकलं."

वाचकहो, असा एखादा कागद आपल्याही कचेरीत, आपल्याही घरात कुठेतरी चिकटवलेला असेल. दोष दाखवणाऱ्याचं ऐकणं ही मेहेरबानी नाही; ते आपलं काम आहे. आणि दुसऱ्यावर खोटा आळ येताना जो गप्प बसतो, तो त्या आळात भागीदार असतो, मग त्याला वाईट वाटो वा न वाटो.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी स्वतः मावशींना फोन केला. मंगळवारी दोनदा केला. पत्ता कुणाकडेच नव्हता. सहा वर्षांत कुणी विचारला नव्हता. कंपनीला झाला तो प्रकार खरा लिहून कळवला आहे. उत्तर आलेलं नाही. लादी सध्या स्वागतिका पुसते. दांडीवरचं फडकं तिने हलवलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजताही मावशींचा फोन नुसता वाजत होता. कुणी उचलला नव्हता.