सगळ्यांना सगळे अधिकार

भावोजी एरवी मला 'शास्त्रज्ञ बाई' म्हणतात, तेही चार माणसांत. त्या दुपारी फोनवर त्यांनी मला सरळ नावाने हाक मारली आणि वर 'वेळ आहे का गं?' असंही विचारलं. मी ओळखलं, सर्व्हरने मान टाकलीय. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांना ताई आणि भावोजी एक प्रोग्राम विकतात. तो ताईने लिहिलाय. क्षारांचा हिशोब करणारा त्यातला सगळ्यात अवघड भाग तिने सातव्या महिन्यात, सुजलेले पाय स्टुलावर ठेवून लिहिला. कोडची प्रत्येक आवृत्ती जपणारा सर्व्हर त्यांच्या ऑफिसात, प्रिंटरशेजारच्या कपाटात आहे. तो मी बसवून दिला होता. आत शिरायला प्रत्येकाची एक चावी असते, म्हणजे एक छोटीशी फाइल. बाळ झाल्यावर भावोजींनी ताईची चावी काढून टाकली. तिला ते कळलं कधी, तर एका दुरुस्तीसाठी आत जायला गेली तेव्हा. 'तू आता बाळाकडे बघ,' म्हणाले. पुढे गिऱ्हाइकांसमोर 'माझा प्रोग्राम' सुरू झालं. ताईने ते गिळलं. माझ्या घशात ते अजून अडकलेलं होतं.

मी पोचले तेव्हा भावोजी कपाटापुढे फतकल मारून बसले होते. एका मोठ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई थोड्या वेळात येणार होत्या. त्यांनी हिशोबात मागितलेला बदल चालताना दिसला तरच करार टिकणार होता.

काय केलंत, असं विचारल्यावर हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी त्यांनी सर्व्हरवर रूट म्हणून, म्हणजे सर्वेसर्वा होऊन, साफसफाई केली. त्यात बऱ्याच फाइली रूटच्या मालकीच्या झाल्या. मग बदल पाठवायला गेले तर उत्तर आलं, 'परवानगी नाही'. भावोजींना हे शब्द कुणाकडूनच खपत नाहीत. इंटरनेटवरून एक ओळ उचलून त्यांनी झाडून सगळ्या फाइलींवर सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाकले.

"सगळं उघडं केलं, तरी कुणालाच आत घेत नाही," ते म्हणाले.

"उघडं केलंत म्हणूनच घेत नाही."

सर्व्हरवरच्या चाव्यांच्या यादीत कुणीही ढवळाढवळ करू शकत असेल, तर सर्व्हर त्यातल्या एकाही चावीवर विश्वास ठेवत नाही. हे मी त्यांना सावकाश समजावलं. ते घड्याळाकडे बघायला लागले, तशी आणखी सावकाश.

मग सर्व्हरला कीबोर्ड आणि स्क्रीन जोडली. चाव्यांचा फोल्डर पुन्हा फक्त मालकापुरता केला, कोडच्या फाइली रूटकडून सोडवून सर्व्हरच्या नेहमीच्या खात्याकडे दिल्या. एवढ्यावर काम झालं होतं. पण मी ताईची चावी परत बसवली आणि भावोजींच्या चावीपुढे एक अट लिहिली: वाचता येईल, लिहिता येणार नाही.

त्यांनी बदल पाठवून पाहिला. परवानगी नाही.

"आता लिहायचा अधिकार ताईला आहे," मी म्हटलं. "तिला फोन करा."

"हे माझं ऑफिस आहे."

"हो ना. कपाटसुद्धा तुमचंच आहे."

रूटचा पासवर्ड त्यांच्याकडे होता, पण आणखी एखादी ओळ टाकायची आता त्यांची छाती नव्हती. त्यांनी फोन केला. दोनदा 'प्लीज' म्हणाले. मी मोजलं.

ताई आली, बाळ त्यांच्या हातात दिलं, दुपटं खांद्यावर टाकलं आणि खुर्चीत बसली. त्यांनी केलेला बदल वाचून तिने त्यातला अर्धा पुसला. प्रमुख बाई आल्या तेव्हा ती नवा बदल पाठवत होती. बाईंनी भावोजींना विचारलं, नमुना गढूळ असेल तर हा हिशोब कसा सावरतो? भावोजींनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाळाने चष्मा ओढला. ताईने खुर्ची वळवून पाच-सहा वाक्यांत उत्तर दिलं.

"हे तुम्ही लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

ताई नवऱ्याकडे बघत राहिली. मीही.

"हिनेच," भावोजी म्हणाले. "सगळं हिनेच लिहिलंय."

करार टिकला. निघताना मी ताईला हळूच विचारलं, त्यांची अट काढून टाकू का?

"राहू दे," ती म्हणाली. "वाचू दे त्याला थोडे दिवस. आपण काय विकतो ते तरी कळेल."