काकडीदादाची वही

वर्गात त्याला सगळे काकडी म्हणत आणि पहिल्या वर्षाची पोरं काकडीदादा. या नावात चेष्टा असती तर एक वेळ परवडली असती. पंचाईत ही की त्यात आदर होता.

झालं होतं असं. आहारशास्त्राच्या बाईंनी प्रकल्प दिला, की सात दिवस जेवण मागवायच्या ॲपवरून फक्त पौष्टिक मागवायचं आणि दोन्ही वेळच्या ताटाचे फोटो वहीत चिकटवायचे. काकडीने सोमवारी मोठ्या हौसेने सॅलडचा वाडगा मागवला. चार घास चावल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपला जन्म काही यासाठी झालेला नाही. मग उरलेल्या सॅलडचे त्याने फोटोच काढायला घेतले. खिडकीपाशी, टेबलावर, गादीवर, कधी टोमॅटो वर तर कधी काकडी वर. पानं मलूल झाली तेव्हा त्यांच्यावर पाणी शिंपडलं. गुरुवारी दुसरा वाडगा आणला, तोही असाच राबवला. फोटो उरकला की स्वारी बर्गर, तळलेले बटाटे आणि केकवर आडवा हात मारायला मोकळी.

वहीत मात्र सात दिवस दोन्ही वेळा नुसता पाला. एवढ्यावर ससासुद्धा तग धरणार नाही. पण बाईंना हा हिशेब सुचला नाही, त्या फोटोंवरच खूश. त्यांनी वहीची पानं जिन्याजवळच्या फलकावर लावली आणि खाली लिहिलं, 'मनात आणलं की जमतं.'

आठवड्याभरात पहिल्या वर्षाची एक मुलगी वाचनालयाच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडली.

बाईंनी त्याला व्हरांड्यात गाठलं. "अरे, तुझंच बघून करत होती म्हणे ती. जरा जाऊन धीर दे. तुझं ऐकेल."

वसतिगृहाच्या दवाखान्यात जाईपर्यंत त्याने मनाशी चार वाक्यं जुळवली होती. पाणी भरपूर पी, झोप पुरेशी घे, असलीच काहीतरी. खाटेवर ती उशीला टेकून बसली होती, हाताला सलाईन. त्याला बघताच तिचा चेहरा पडला.

"दादा, सॉरी हं. मला पाचच दिवस जमलं. तुम्ही सात दिवस केलंत, वर रोज फुटबॉलही खेळलात. सहाव्या दिवशी मी मैत्रिणीचं एक बिस्कीट चोरून खाल्लं. बाथरूममध्ये जाऊन. मला माझीच लाज वाटली."

जुळवलेल्या चार वाक्यांतलं एकही आता कामाचं नव्हतं. एका बिस्किटासाठी ही पोर तोंड लपवत होती आणि तो गेला आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या सोमवारी सगळ्या वर्गांसमोर याच वहीवर त्याचं भाषण ठेवलं होतं, तेही आठवलं. तरी त्याने खिशातून फोन काढला, ॲपमधली मागच्या ऑर्डरींची यादी उघडली आणि तिच्या हातात दिली.

तिने एकेक तारीख वाचत यादी खालपर्यंत नेली. "मग ते सॅलड?"

"दोनच वाडगे होते. तेच फिरवून फिरवून."

ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने नुसता फोन परत दिला. "आमच्या मजल्यावर चौघी अजून करतायत. त्यांना सांगा."

"तूच सांग ना. तुझ्या मैत्रिणी आहेत."

बोलला आणि त्याने जीभ चावली. अजून पळवाट शोधतोयच हा गडी!

"मी सांगितलं तर म्हणतील, हिला जमलं नाही म्हणून बोलते," ती म्हणाली.

प्रकल्पाच्या ग्रुपवर सगळे होते. बाई, त्याचा वर्ग, पहिल्या वर्षाची यच्चयावत पोरं. त्याने यादीचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'मी हे खात होतो. वही खोटी आहे. ती बघून कुणी उपाशी राहू नका.' आता शिव्यांची लाखोली येणार म्हणून तो तिथल्या स्टुलावर खाली मान घालून बसला.

पहिलं उत्तर त्या चौघींपैकी एकीचं आलं.

'दादा, मग आम्ही आता जेवलो तर चालेल?'

त्याने 'हो' लिहिलं. मान वर करून खाटेकडे बघायची त्याला हिंमत झाली नाही.