रोज जांभळीवरून पडायचं

यंदाच्या उन्हाळ्यात मार्गासनीच्या आमच्या घरी मी रोज जांभळीवरून पडत होते. म्हणजे ओसरीवर चटई टाकून आडवी व्हायचे आणि माझी नात शुभांगी मला तपासायची. डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला सर्जरीच्या तोंडी परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. पुस्तक सगळं पाठ. पण समोरून कुणी अपघाताचा पेशंट सांगितला, की तिचं चित्त रक्तावरच जायचं. फेरपरीक्षा आठवड्यावर आली होती.

"काय झालं, आजी?"

"पडले बाई. मांडी मोडली. लई रगत चाललंय."

की ही लागली मांडीला पट्टी गुंडाळायला.

"मेले मी," असं म्हणून मी उठून बसायचे. "श्वास कुनी बघायचा?"

चौथ्या दिवशी तिनं पुस्तक आपटलं. "तुला काय कळतं गं यातलं?"

मग मी तिला आजोबांचं सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी ते खरोखरच जांभळीवरून पडले होते. सगळी आळी त्यांच्या पायावर हळद दाबायला धावली. मला मात्र त्यांच्या घशातली घरघर ऐकू आली. आदल्याच आठवड्यात गाय व्याली होती. वासरू बाहेर आलं की आधी त्याच्या नाकातोंडातलं चिकट पाणी काढायचं, बाकी सगळं मागून, हे मला सासूबाईंनी शिकवलेलं. मी यांच्या तोंडात बोटं घातली. रक्त, माती आणि दोन दात निघाले. हे खोकले. मग दुधाच्या टेम्पोत घालून भोरला नेलं. पुढं पंचवीस वर्षं लंगडत लंगडत माझ्याशी भांडले.

शुभांगीनं आपटलेलं पुस्तक उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "मान वळवली होतीस?"

"व्हय, कुशीवर केलं की."

"मान हलवायची नसते. मणका मोडलेला असला तर माणूस जन्माचा लुळा होतो. आणि आत दिसत नसताना बोटंही घालायची नसतात. नापास आहेस तू."

"मग दोघी बसू फेरपरीक्षेला."

शेवटच्या दिवशी मी मांडीला लाल धडपा गुंडाळला, खूप कण्हले आणि मधेच कण्हणं थांबवून घशात घरघर केली. ती मांडीवर वाकलेली होती. थबकली. उठून माझ्या डोक्याशी आली. दोन्ही हातांनी मान सरळ धरली, जबडा हलकेच पुढं ढकलला.

"आधी श्वासाची वाट," ती पुटपुटली. "मग श्वास. मग रक्त."

मगच तिनं मांडीवरचा धडपा दाबला. डोळे मिटून पडल्या पडल्या मला ते कळलं.

परीक्षा झाल्यावर पुण्याहून तिचा फोन आला. "ट्रकनं उडवलेला माणूस दिला होता, आजी. पोटात रक्तस्राव."

"आन् तू आधी काय बघितलंस?"

"वासराचं तोंड."

महिन्याभरानं निकाल लागला. त्या मंगळवारी मी मुद्दाम भोरच्या बाजाराला गेले. नवं लुगडं नेसून गेले. एसटी स्टँडवर आमच्या आळीतली रतनबाई भेटली.

"अक्काबाई, नात पास झाली म्हनं?"

"दोघी झालो," मी म्हणाले.