तीन थापा

"काका, तुमच्या वतीनं मी हो म्हणून टाकलंय," दारात चपला काढता काढताच ठकी म्हणाली. परस्पर हो म्हणून टाकणं हा माझ्या पुतणीचा जन्मजात रोग आहे. वय पंचेचाळीस झालं, केस पांढरे व्हायला लागले, पण गुण जात नाही.

"कशाला हो म्हणालीस?"

"अहो, तुमचा पिक्चर! नवीन प्रिंट काढलीये, आवाज धुऊन-पुसून लख्ख केलाय. रविवारी दुपारी शो आहे. त्यातले आता तुम्ही एकटेच उरलात, म्हणून आधी स्टेजवर बोलावणारेत. आणि आई, तूसुद्धा यायचंस. तिसरं तिकीट तुझं."

"मी?" वहिनी स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत होत्या. "येईन की. इतकी वर्षं नुसतं ऐकतेच आहे त्या पिक्चरबद्दल."

त्यांनी ठकीचा कप ठेवला, स्वतःचा ठेवला, मग माझा ठेवला. टक्.

हा टक् फक्त माझ्या कपाला. बाकीच्यांचे कप वहिनी अलगद टेकवतात, माझा तेवढा जरा वरून सोडल्यासारखा. दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आलं नसतं, पण मी आवाजांवर पोट भरलेला माणूस. चाळीस वर्षं तो टक् ऐकतोय. का, ते विचारायची छाती झाली नाही. ज्याच्या मनात चोर असतो त्यानं असले प्रश्न विचारू नयेत.

माझं काम म्हणजे सिनेमाला पावलं देणं. पडद्यावर पलटण चालते तेव्हा ऐकू येतात ती शिपायांची पावलं नसतात. बंद खोलीत, खडीच्या ट्रेमध्ये, जड बूट घालून जागच्या जागी नाचणाऱ्या माझी असतात. मक्याचं पीठ कापडात बांधून दाबलं की बर्फ, कोबीचा गड्डा पिळला की मोडलेलं हाड. स्टुडिओत मला 'पावली' म्हणायचे. पावलांवरून पावली, आणि पगार बघता तेही बरोबरच होतं.

त्या पिक्चरची गोष्ट साधी आहे. लढाईत अडकून पडलेली एक तुकडी, खंदक, चिखल, आणि शेवटाकडे एक पोरगेला शिपाई मरतो. संगीत नाही, संवाद नाही. मित्राचा हात त्याच्या छातीवर, आणि पाऊण मिनिट नुसता त्याचा श्वास. त्या पाऊण मिनिटावर पिक्चर अजून जिवंत आहे. लढाईवरून आलेले म्हातारे तिथं उठून बाहेर जातात. कॉलेजची पोरं हातातला मोबाइल खाली ठेवतात. एका बाईंनी मला पत्र पाठवलं होतं, की मुलाची बातमी आली तेव्हा डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते तुमच्या पिक्चरमध्ये आलं. आणि भेटेल तो एकच विचारतो, तो श्वास केलात कसा? मी सांगतो, "नाकातोंडातून. सरावानं जमतं."

ही थाप आहे. तो श्वास माझ्या दादाचा आहे.

दादा ओतशाळेत कामाला होता. तिथली धूळ छातीत बसली आणि चौतिसाव्या वर्षी छातीचा फाटका भाता झाला. शेवटचे वीस दिवस इस्पितळात काढले. वहिनी उशाशी. त्या दुपारी मीच त्यांना म्हटलं, "घरी जा, अंघोळ करा, पोरीला बघून या. मी आहे इथं." पिक्चरमध्ये इस्पितळाचा एक प्रसंग होता, त्यासाठी खाटांची कुरकुर आणि ट्रॉलीची चाकं हवी होती. एका दगडात दोन पक्षी म्हणून मी स्टुडिओतला टेपरेकॉर्डर खांद्याला लटकवून नेला होता. तो खाटेखाली चालू करून ठेवला.

थोड्याच वेळात दादाचा श्वास अडकला. मी ओरडलो. नर्स धावत आली, डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली. मी दादाला लागून बसलो. तो झगडत होता, डोळे सताड उघडे. रेकॉर्डर माझ्या ध्यानातही नव्हता. सगळं संपलं, आणि खाटेखालून फट् फट् असा आवाज यायला लागला, तेव्हा कळलं की स्पूल संपून टेपचं शेपूट फिरतंय.

वहिनी आल्या त्या ओल्या केसांनी, ठकीला कडेवर घेऊन. चार वर्षांची होती ती. "त्रास झाला का हो शेवटी?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नाही वहिनी. झोपेतच गेला. कळलंसुद्धा नाही." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. नंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

अठरा दिवसांनी मी त्या शिपायासाठी श्वास करत होतो. सतरा वेळा केला. दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणाले, "पावली, याला सर्दी झालीये. हा मरत नाहीये." माझं डोकं फिरलं. हा माणूस मला मरण शिकवत होता! पिशवीत ते स्पूल होतं. "मग हे ऐका," म्हणालो आणि लावलं. खोलीतलं कुणी हललं नाही. "कुणाचा श्वास?" त्यांनी हळूच विचारलं. "माझाच. काल घरी केला." झालं. तेवढा तुकडा त्यांनी घेतला आणि बाकीचं स्पूल मी भीतीपोटी पुसून टाकलं. भावाचं मरण नेऊन दिलं मी, आणि वर शाबासकी घेतली.

आता वहिनींचं सांगतो, म्हणजे त्या तिसऱ्या तिकिटाची मला भीती का वाटली ते कळेल. दादा गेल्यावर त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या. तीस वर्षं कानाला यंत्र लावून बसल्या. माणूस 'हॅलो' म्हणायच्या आधी जो श्वास घेतो, तेवढ्यावरून त्या ओळखायच्या, की हे अमुक साहेब आणि आज घरी भांडून आलेत. असा कान. आणि त्या कानाला मी सांगितलं होतं, की दादा झोपेत गेला. त्या एवढ्या आधारावर बाईनं आयुष्य रेटलं, असं मी धरून चाललो होतो. तो आधार माझ्याच हातानं केलेल्या पाऊण मिनिटात मोडणार होता.

म्हणून टीव्हीवर हा पिक्चर लागला की मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या घरी हजर. कधी गप्पांत गुंतवलं, कधी माझं पोट दुखलं. एकदा तर गुपचूप फ्यूज काढला, आणि आम्ही तिघं दोन तास मेणबत्ती लावून बसलो. पण थिएटरचा फ्यूज कोण काढणार?

रविवारी निघताना शेवटचा प्रयत्न केला. "वहिनी, फार रक्तपात आहे त्यात. तुम्हाला सोसायचा नाही."

"तीस वर्षं लोकांची भांडणं जोडून दिलीत मी," त्या म्हणाल्या. "चला आता, उशीर होतोय."

थिएटर भरलं होतं. स्टेजवर एका उत्साही पोरीनं माझ्या हातात माईक दिला आणि तोच प्रश्न विचारला. तिसऱ्या रांगेत वहिनी मान जरा तिरकी करून बसल्या होत्या, एक्स्चेंजमध्ये बसायच्या तशी. नाकातोंडातून, सरावानं, हे नेहमीचं उत्तर त्या कानासमोर देववेना.

"जमून गेला," मी म्हणालो आणि खाली उतरलो. लोकांनी तो विनय समजून टाळ्या वाजवल्या.

अंधार झाला. एका बाजूला ठकी, दुसऱ्या बाजूला वहिनी, मध्ये मी. वहिनींना पर्सची कडी उघडझाक करायची सवय आहे. कट्, कट्. पडद्यावर माझी पावलं चालत होती, मी मनात प्रसंग मोजत होतो. नदी झाली. पूल उडाला. पत्रांचा प्रसंग झाला. आता खंदक.

"वहिनी," मी वाकून म्हणालो, "बाहेर जाऊ या का जरा? मला गुदमरतंय."

"तुम्ही जाऊन या. मी पिक्चर बघतेय."

मी उठलो नाही. त्यांना त्या श्वासाजवळ एकटं सोडायला मन होईना.

शिपाई कोसळला. मित्रानं त्याला मांडीवर घेतलं, छातीवर हात ठेवला. आणि दादाचा श्वास सुरू झाला. आत ओढलेला, खडबडीत, वरच्या टोकाला बारीक शीळ. मग अडकणं. मग सुटणं.

पर्सची कडी थांबली.

मी समोर बघत राहिलो. मान वळवायची हिंमत नव्हती. कानाशी बोलावं इतका स्वच्छ केला होता तो आवाज, आणि त्या स्वच्छतेत दुसरंच काहीतरी वर आलं. जुन्या प्रिंटमध्ये खरखरीखाली गाडलं गेलेलं, मीसुद्धा विसरलेलं. थप, थप, थप. मग थोडं थांबून पुन्हा. थप, थप, थप.

आमच्या आईची ती पद्धत. तीन थापा आणि थांबायचं. थांबून बघायची, पोर झोपलं का. आम्ही दोघं भाऊ तसेच झोपलो, आणि दादा ठकीलाही तसंच झोपवायचा. लोकांना वाटत असेल, पडद्यावरच्या मित्राचाच तो हात.

श्वास थांबला. एक थाप पडली, दुसरी पडली, तिसरी पडली. सगळीकडून नाकं ओढल्याचे आवाज येत होते. ठकी हमसून रडत होती. दरवेळी इथंच रडते. बापाचा आवाज तिला आठवत नाही. वहिनींच्या बाजूनं काहीच आवाज नव्हता. पिक्चर संपेपर्यंत पर्सची कडी पुन्हा वाजली नाही.

दिवे लागले. ठकी डोळे पुसत गाडी आणायला गेली. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो.

"भाऊजी."

"हं."

"झोपेत गेले, म्हणाला होतात."

मी मान खाली घातली.

"झोपेतला श्वास मला माहितेय. सहा वर्षं शेजारी झोपलेय मी त्यांच्या."

"वहिनी, चुकलं माझं. ती टेप मी कुणाला द्यायला नको होती. मी... माझ्या भावाला..."

"ते नंतर." त्यांचा आवाज कापत होता, पण वाकत नव्हता. "आधी हे सांगा. तो हात कुणाचा?"

"कुठला?"

"थोपटत होतं ना कुणीतरी. तीन थापा आणि थांबणं."

"माझा."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. नंतरही थोडा वेळ. मला थांबवेना."

वहिनींनी डोळे मिटले. लोक आमच्यासमोरून बोलत, शिंकरत बाहेर पडत होते. कुणी मला नमस्कार केला, मी तो घेतला की नाही, आठवत नाही.

"मला वाटायचं, तुम्ही चहाला गेला होतात," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मी आले तेव्हा स्टुलावर भरलेला कप होता. कॅन्टीनचा. आणि तुम्ही म्हणालात, कळलंसुद्धा नाही. म्हटलं, कळणार कसं? होतं कोण तिथं! भाऊजी चहा आणायला गेले, तेवढ्यात ते एकटेच गेले, आणि आता मला झोपेच्या गोष्टी सांगताहेत. चाळीस वर्षं तुम्हाला चहा देते आहे मी. दरवेळी तो कप डोळ्यांसमोर यायचा."

"तो नर्सनं आणून दिला होता, वहिनी. नंतर. माझ्या हातात धरवत नव्हता, म्हणून तिथं ठेवला."

"मग सांगायचं नाही का?" त्या एकदम ओरडल्या, दोन माणसं वळून बघायला लागली. "नुसतं एवढंच, की मी होतो जवळ! मी तिकडे अंघोळ करत होते, भाऊजी. केस धूत होते. ते एकटे नव्हते, एवढं कळलं असतं तर..." आणि मग त्या रडल्या. इस्पितळातही अशा रडल्या नव्हत्या. मी बाजूला नुसता बसून राहिलो. लाज वाटत होती आणि हायसंही वाटत होतं, दोन्ही एकदम, आणि हायसं वाटल्याची पुन्हा वेगळी लाज.

बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मारायच्या नाहीत त्या थापा मारल्यात. आणि दिलेल्या थापा तेवढ्या लपवून ठेवल्यात. कुठून आणलंत हे शहाणपण?"

मी बाकाची कड नखानं खरवडत राहिलो.

"ठकीला मी सांगेन," त्या म्हणाल्या. "तुम्ही नका. तुम्हाला सांगता येत नाही." मग म्हणाल्या, "आणि उद्या हा शो असेल तर एक तिकीट बघा. एकच."

गाडीत ठकी आरशातून एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. घरी पोचल्यावर ती कपडे बदलायला आत गेली, वहिनी सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मी माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसलो, टेबलावरच्या ओरखड्यांकडे बघत. आत पाणी उकळल्याचं ऐकलं. गाळणं आपटल्याचं ऐकलं. मग त्यांची पावलं, उजवा पाय जरा ओढत टाकलेला. पावलं माझ्या खुर्चीपाशी येऊन थांबली. सवयीनं माझे खांदे आक्रसले, आणि मी टक् ऐकायला कान देऊन बसलो.

काहीच ऐकू आलं नाही. मान वर केली तेव्हा पावलं स्वयंपाकघराकडे परत निघाली होती, आणि कप माझ्यासमोर होता.