लिंबोणीवरचा खाटीक

नाकतोडा.

लिंबोणीच्या काट्यात पोटातून अडकलेला, एक पाय अजून हलणारा. शिवकन्या सकाळी लिंबं तोडायला गेली आणि हात तसाच मागं घेतला. काटा, लिंबू, मरायला टेकलेला जीव. पिंगळीसारख्या गावात एवढ्यावरून करणीची शंका कुणालाही येते. शिवाय त्याच आठवड्यात तिच्या लेकीला, पिंकीला, ताप भरलेला.

(पक्षी. चिमणीहून जरा थोराड, डोळ्यांवर काळी पट्टी. त्याला खाटीक म्हणतात. पंजांत जोर नाही, म्हणून शिकार काट्यात अडकवतो, ओढून ओढून खातो, उरलेली उद्यासाठी तिथंच टांगून ठेवतो. शिवकन्येला त्याचं काही माहीत नव्हतं. त्यालाही शिवकन्येचं काही माहीत नव्हतं.)

पाल.

लिंबोणीचं परस एकच, त्यात उघडणारी दारं दोन. एक शिवकन्येचं, दुसरं तिच्या धाकट्या जावेचं. जाऊ म्हणजे मनिषा. लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापता येत नव्हती. शिवकन्येनं शेजारी बसवून शिकवलं, तिच्या फाटक्या भाकरी स्वतः खाल्ल्या आणि चांगल्या सासूच्या ताटात वाढल्या. आता तीच शिवकन्या जावेच्या दारावरून मान वळवून जाऊ लागली. बोलली काहीच नाही. फक्त पिंकीला बजावलं की काकूच्या घरचं काही खायचं नाही. पिंकीनं ते काकूला जसंच्या तसं सांगितलं.

सरड्याचं पिल्लू. मान खाली.

मनिषानंही तोंड उघडलं नाही. तिचा नवरा महारुद्र नुकताच रेल्वे फाटकाजवळ गाडीवरून घसरला होता, गुडघा सुजला होता. तरी तिनं त्याला परभणीत खोली बघायला लावली. झालं काय, म्हणून थोरला भाऊ लिंबाजी दोघींना विचारून थकला. दोघी म्हणाल्या, काही नाही. टेम्पो ठरला.

काटा, रिकामा.

टेम्पोत भांडी चढत होती. तो आवाज ऐकवेना म्हणून शिवकन्या मागं येऊन धुणं घेऊन बसली. घर निम्मं रिकामं होत होतं आणि तिला थांब म्हणता येत नव्हतं.

तेवढ्यात खाटीक आला. चोचीत नाकतोडा. त्यानं तो काट्यावर टेकवला, मान मागं घेऊन ओढला. निसटला. पुन्हा ओढला. काटा आरपार गेला, तशी चोच फांदीला पुसली.

शिवकन्येच्या हातातली पिंकीची ओली चड्डी धुण्याच्या दगडावरच राहिली.

ती धावली. मनिषाचं मनगट धरून तिला लिंबोणीपाशी आणलं. चुकलं म्हणायचं होतं. तिनं नुसतं बोट दाखवलं. खाटीक नाकतोड्याचं डोकं ओढत होता. मनिषानं आधी पक्ष्याकडं बघितलं, मग जावेकडं.

"म्हंजे हे तुमी न्हाई केलं?"

"मी?"

"यांचा गुडघा फुटला त्या दिवशी हितं पाल लटकलेली. मला वाटलं, तुमीच."

शिवकन्येनं तिचं मनगट सोडलं.

"माझ्या हाताखाली भाकर शिकलीस अन् मला चेटकीण समजलीस?"

"अन् तुमी मला काय समजलाव? पिंकी माझ्या दारातून उपाशी माघारी गेली."

मग दोघी भांडल्या. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं, मोठ्यानं, लुगड्याच्या काठावरून, दुधाच्या सायीवरून, कुणी कुणाचा अबोला आधी धरला त्यावरून. खाटीक उडून गेला. मध्येच मनिषाला हसू फुटलं, ते दाबून ती पुन्हा भांडली.

पुढच्या अंगणात दोघा भावांनी आवाज ऐकला. आता काही उरलं नाही, असं समजून महारुद्रनं लंगडत लंगडत सामानावर दोर आवळला. लिंबाजीनं दुसरं टोक धरलं. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

दोघी भांडतच पुढं आल्या. भांडतच शिवकन्या टेम्पोत चढली आणि गाठ सोडू लागली. महारुद्रनं गाठ लय पक्की मारली होती. तिची नखं पुरेनात.

"सरका," म्हणत मनिषा वर चढली आणि तिनं दोराला दात लावले.