टोकं आतल्या बाजूला

थोरल्याने दोरी लाथेने उडवली आणि तो सरळ आत शिरला. नर्सबाई ‘थांबा’ म्हणेपर्यंत त्याची तीन पावलं पडली होती आणि तिसऱ्या पावलाची टाच अंड्यांपासून चार बोटांवर रुतली होती.

“माझ्या भिंतीला दोऱ्या बांधायच्या नाहीत,” तो म्हणाला. “उद्या उचकटणारच आहात ना? मग आज हे कसलं नाटक?”

नर्सबाईंनी त्याचा दंड धरून त्याला दोरीबाहेर काढलं. चौतीस वर्षं प्रसूतिकक्षात काढलेल्या बाईला भेदरलेले पुरुष बाजूला करायची सवय होती. हा ताडमाड माणूस भेदरलेला मात्र नव्हता. त्याने दंड झटकला, त्यांच्या बुटांशेजारी थुंकला आणि भिंतीच्या वरच्या टायरवर जाऊन बसला. तीन आठवड्यांत तो त्यांच्या स्वयंसेवक पथकाशी याहून बरा कधी वागलाच नव्हता, त्यामुळे थुंकण्याचं नर्सबाईंना काही वाटलं नाही. मनात राहिली ती टाच.

भिंत टायरांची होती. नऊ वर्षं थोरला गॅरेजांमधले जुने टायर हातगाडीवर ओढून आणत होता आणि घरासमोर रचून त्यांत वाळू भरत होता. त्याच्या घराला लाटेचा थेंब लागला नव्हता. पण समुद्राला कुठेतरी जायचंच असतं. भिंतीवर आपटलेली लाट कडेने वळायची आणि शेजारच्या घराखालची वाळू खरवडून न्यायची. शेजारचं घर त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. धाकट्याचं आधी अंगण गेलं, मग न्हाणीघर. न्हाणीघर पडलं त्या दिवशी दोघांचं बोलणं बंद झालं, त्याला आता सात वर्षं होत आली होती. एकमेकांना पाण्यात पाहणं म्हणजे काय, हे त्या दोन घरांच्या मध्ये उभं राहिलं की कळायचं.

पथकाला धाकट्यानेच अर्ज करून बोलावलं होतं. बारा स्वयंसेवक, नारिंगी जाकिटं, बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्यांत मुक्काम. काटक्यांची कुंपणं घालून वाळू अडवायची, तिच्यात गवत लावायचं आणि टायर काढून ट्रकमध्ये भरायचे, एवढं काम. गवताला वाळू धरून ठेवायला पाच वर्षं लागणार होती. थोरल्याचं घर तोवर टिकणार नव्हतं आणि पथकप्रमुखबाईंनी ते लपवलंही नव्हतं. भिंत काढली तर वादळाचे दोन हंगाम, फार तर तीन. भिंत ठेवली तर धाकट्याचं स्वयंपाकघर याच हंगामात जाणार. सरकारी परवानगी महिनाअखेरपर्यंतच होती आणि ट्रक उद्या, सोमवारी सकाळी यायचा होता.

आणि आज सकाळी भिंतीच्या पायथ्याशी ही तीन अंडी सापडली होती.

पक्षी चिमणीहून थोडा मोठा, वाळूच्याच रंगाचा. वाळूत जरा खोलगट करतो आणि तिथेच अंडी घालतो. पथकाचा नियम कडक होता. अंडी दिसली की भोवती दोरी, आणि पिल्लं पळून जाईपर्यंत तीस पावलांच्या आत कुदळ लावायची नाही. म्हणजे महिना गेला, परवानगी गेली, आणि भिंत आणखी एक वर्ष जागच्या जागी. स्वयंसेवकांचा संताप झाला होता. त्यांच्यातला एक जण, हाताला फोड आलेला इलेक्ट्रिशियन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की अंडी आपोआप चालत आलेली नाहीत, टायरवर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा.

“मला अंडी सापडली असती तर तळून खाल्ली असती,” थोरला वरून म्हणाला.

प्रमुखबाईंनी दातओठ खात सगळ्यांना गवताच्या कामावर पिटाळलं आणि नर्सबाईंना घरट्यावर लक्ष ठेवायला बसवलं, कारण घरट्यांची वही त्यांच्याकडे होती.

नर्सबाई उकिडव्या बसल्या. तीन आठवड्यांत त्यांनी अशी अकरा घरटी पाहिली होती आणि अकराही ठिकाणी अंडी एकाच तऱ्हेने ठेवलेली होती. निमुळती टोकं आत, एकमेकांना टेकलेली, अर्धी वाळूत रुतवलेली. पक्ष्याला पोटाखाली सगळी मावावी लागतात, म्हणून तो ती तशी फिरवून घेतो. ही तीन अंडी शेजारी शेजारी आडवी होती, दुकानातल्या ट्रेमध्ये मांडल्यासारखी. वर एकावरही वाळूचा कण नव्हता. कोणीतरी ती पुसून ठेवली होती.

त्या उठल्या आणि उत्तरेकडे चालू लागल्या. वहीतलं सातवं, इथून सगळ्यात जवळचं घरटं दोनशे पावलांवर होतं. तिथे नुसती खोलगट जागा उरली होती आणि पक्षी तिच्याभोवती येरझारा घालत होता. नर्सबाई जवळ येताच तो पंख मोडल्याचं सोंग करत, फरफटत दूर पळाला. रिकामं घरटं राखायला एवढा आटापिटा. नर्सबाईंना सणसणून राग आला.

राग थोरल्यावर काढायचा म्हणून त्या निम्म्या वाटेपर्यंत तावातावाने आल्या. मग ती टाच आठवली. अंडी ज्याने मांडली असतील, तो ती पायाखाली येतील असा आत शिरणार नाही. शिवाय नियम थोरल्याला ठाऊकच नव्हता. पहिल्या दिवशी प्रमुखबाईंनी धाकट्याच्या व्हरांड्यात सगळं समजावून सांगितलं, तेव्हा थोरल्याने मुद्दाम रेडिओ मोठा लावला होता. नियम ऐकून ‘म्हणजे किती दिवस काम बंद?’ असं दोनदा विचारणारा माणूस वेगळा होता. नर्सबाईंना तेव्हा तो काळजीपोटी विचारतोय असं वाटलं होतं.

धाकटा स्वयंपाकघरात कप विसळत होता. थोरल्याच्या खांद्याला लागेल एवढीच उंची, पण जबड्याची ठेवण तीच. भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती आणि तिच्यातून समुद्र दिसत होता. नर्सबाई दारातच उभ्या राहिल्या.

“कधी उचललीत?”

धाकट्याने कप पालथा घातला. कसली, असं त्याने विचारलं नाही.

“उजाडताना.”

“ऊन आहे म्हणून वाचली असतील. हे स्वयंपाकघर जाणार आहे, माहितीये ना? तुमचं. तुम्हीच आम्हाला बोलावलंत.”

“हो.”

“मग हा काय प्रकार?”

त्याने तोच कप उचलून पुसायला घेतला.

“भिंत गेली की त्याचं घर जाणार, हे मला प्रमुखबाईंकडून कळलं. अर्ज केला तेव्हा वाटलं होतं, नुसती त्याची खोड मोडेल.” त्याने फडकं खांद्यावर टाकलं. “बायको नाही त्याला, पोरबाळ नाही. कुठे जाणार तो? माझ्याच दारात येणार. सात वर्षं त्याचं तोंड बघितलं नाही मी. आता रोज सकाळी उठून तेच बघायचं?”

नर्सबाईंना हसू येणार होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. तो खरोखरच चिडला होता.

“येऊ नको म्हणून सांगा.”

“दारात आलेल्या थोरल्या भावाला?” धाकट्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांना साधी रीतभातही ठाऊक नव्हती.

नर्सबाईंनी खुंटीवरची त्याची टोपी काढून त्याच्या हातात दिली.

भिंतीपाशी थोरला अजून वर बसलेला होता. धाकट्याने मान वर न करता अंडी टोपीत घेतली, थोरल्याने समुद्राकडे तोंड फिरवलं, आणि सख्खे भाऊ दोन हातांच्या अंतरावर असूनही एकमेकांना दिसले नाहीत. सातव्या घरट्याशी धाकटा गुडघ्यांवर बसला.

“टोकं आतल्या बाजूला,” नर्सबाई म्हणाल्या. “एकमेकांना टेकवा. थोडी वाळू सारा.”

मग दोघं दूर जाऊन बसले. पक्षी पाऊण तास नुसताच फिरत राहिला. शेवटी तो आला, चोचीने एक अंडं किंचित सरकवलं, जणू याला एवढंही धड जमत नाही, आणि त्यावर बसला. धाकटा उठून घरी गेला.

संध्याकाळी नर्सबाईंनी प्रमुखबाईंना सांगितलं की अंडी कोणीतरी हलवली होती, आता जागेवर आहेत, आणि ती कोणी हलवली ते विचारू नये. प्रमुखबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि भिंतीपाशची दोरी सोडायला माणूस पाठवला. पथकाने अपराधी कधीच ठरवून टाकला होता. जेवताना इलेक्ट्रिशियनने थोरल्याबद्दल नाही नाही ते बोलून घेतलं आणि नर्सबाई गप्प राहिल्या, ते त्यांना पुढे बरेच दिवस खात राहिलं.

सोमवारी ट्रक आला. थोरल्याने वाद घातला नाही. ज्या टायरला हात लागेल त्यावरून उठून तो पुढच्या टायरवर जाऊन बसायचा आणि काम करणाऱ्यांना नावं ठेवायचा. तुम्हाला धड उचलताही येत नाही, मी एकट्याने आणलेत हे सगळे. दुपारपर्यंत निम्मा किनारा मोकळा झाला आणि लाट पहिल्यांदाच त्याच्या पायरीपर्यंत आली. तो पायरीकडे पाहत राहिला. चार वाजता फक्त त्याच्या बुडाखालचा टायर उरला, आणि तो न्यायला कोणी पुढे होईना.

धाकट्याच्या घरातून सकाळपासून छिन्नीचे घाव ऐकू येत होते. रस्त्याकडच्या अडगळीच्या खोलीतली जाळी, डबे, मोडकी खुर्ची, सगळं बाहेर काढून ठेवलेलं होतं. प्रमुखबाई सही घ्यायला गेल्या, त्यांच्याबरोबर नर्सबाईही होत्या. खोलीच्या बाहेरच्या भिंतीत खालपासून माणूस जाईल एवढ्या रुंदीत विटा निघालेल्या होत्या.

“हे काय काढताय?” प्रमुखबाईंनी विचारलं.

“हवेसाठी,” धाकटा म्हणाला आणि त्याने सही केली.

घराचं पुढचं दार समुद्राकडे होतं. या नव्या वाटेने येणारा-जाणारा त्या दाराशी कधी कोणाला भेटला नसता. प्रमुखबाई कागद घेऊन निघून गेल्या. धाकटा त्या खिंडाराशेजारी भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने डोक्यावरून हात नेऊन कोळशाने खूण केली. मग तो घराच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि शेवटच्या टायरवर बसलेल्या माणसाकडे त्याने क्षणभर पाहिलं. परत येऊन त्याने ती खूण अंगठ्याने पुसली आणि वीतभर वर दुसरी केली.