मुंग्यांची साक्ष

दादाच्या पत्राला ताईनं उत्तर दिलं नव्हतं. पत्र आलं तेव्हा ती नुकतीच इस्पितळातून सुटून छापखान्याजवळच्या बायकांच्या वसतिगृहात राहायला आली होती. पाकिटावरचं अक्षर तिनं लगेच ओळखलं. आत मोजक्याच ओळी होत्या. "चिमणे, झालं गेलं विसर. जे केलं ते तुझ्या भल्यासाठीच केलं. घर खायला उठतं. परत ये."

तिनं पत्राची घडी घालून ती शब्दकोशात ठेवून दिली. पण ताईचं कामच मुद्रितं तपासायचं. शब्दकोश उघडावा लागे, आणि उघडला की पत्र डोळ्यांपुढे येई. उत्तर लिहायला बसावं तर तो हॉल आठवे, आणि हॉल आठवला की हातातलं पेन थांबे.

बंद पडलेल्या कापडगिरणीतला तो हॉल होता. त्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. मागची माणसं खुर्च्यांवर उभी होती आणि पुढची त्यांच्यावर ओरडत होती. मंचावर खुर्चीत ताई बसली होती. तिच्या शेजारी मेजावर एक ताट, ताटात पांढऱ्या कापडाची पट्टी, आणि भिंतीच्या फटीतून निघालेली मुंग्यांची रांग मेजाचा पाय चढून थेट त्या पट्टीवर पोचली होती.

"बघा, डोळे भरून बघा!" फुंकरबाबा गरजत होते. बाबा प्रत्येक वाक्य संपलं की हवेत फूं करून फुंकर मारत. नाव त्यावरूनच पडलं होतं. "हिच्या अंगावरचं हे वस्त्र. मुंगीला कुणी पत्ता दिला? कुणी बोलावणं धाडलं? माणूस खोटं बोलतो, डॉक्टर खोटं बोलतो, मुंगी खोटं बोलत नाही! फूं!"

"खरंय, खरंय," गर्दी म्हणाली.

"वर्षानुवर्षं हिला वेडी म्हणत होते. गोळ्या चारून चारून हिच्यातली शक्ती कोंडून घातली होती. मी एकच फुंकर मारली आणि म्हटलं, गोळ्या बंद! आता बघा. फुगलेलं अंग कसं उतरलं! माझं मंतरलेलं पाणी घागरीनं पिते, तरी म्हणते आणखी द्या. आणि श्वास? पुढच्या रांगेतल्यांनी सांगावं."

"पिकलेल्या फळासारखा वास येतोय हो!" नुकतंच ताटाला डोकं टेकवून बसलेली एक बाई हात जोडून म्हणाली.

ताईला हे सगळं लांबून ऐकू येत होतं. जीभ टाळूला चिकटली होती. मळमळत होतं. कधी एकदा आडवी होते असं झालं होतं. पण समोर पहिल्याच रांगेत दादा बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जो तिनं आपण आजारी पडल्यापासून कधीच पाहिला नव्हता. त्या आनंदासाठी ती बसून राहिली होती.

ताईचा आजार जुना. तरुणपणी तिला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू यायची. औषधांनी ते आवाज गप्प झाले. मग छापखान्यात नोकरी लागली. तिथं तिच्यासमोर मास्तर बसायचे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, भित्रे, पुस्तकात नाक खुपसून बसणारे. ताई मुद्रित मोठ्यानं वाचायची आणि मास्तर लेखकाची मूळ प्रत समोर धरून ताडून बघायचे. शंका आली की ती थांबे आणि विचारी, "मास्तर, मुळात काय आहे?" ते मूळ बघून सांगत. ही सवय तिला कामापलीकडेही उपयोगी पडायची. रस्त्यात काही विचित्र ऐकू आलं की सोबतच्या माणसाला ती हळूच विचारायची, "तुम्हालाही आलं ना ऐकू?"

गेल्या वर्षी तिला तहान लागू लागली. साधी नव्हे, नळाला तोंड लावून पीत राहावं अशी. अंग आधी सुटलं, मग भराभर उतरलं. चालताना पाय जड व्हायचे. मनोविकारांच्या दवाखान्यात तिनं हे सांगितलं, तर तिथल्या डॉक्टरांनी मानही वर केली नाही. "मनावर घेऊ नका. बेचैनी वाढलीय, गोळी थोडी वाढवतो." वजन कुणी केलं नाही, रक्त कुणी तपासलं नाही. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "चिमणे, तुझं काही ना काही चालूच असतं बघ."

आणि मग तिला न्हाणीघरात मुंग्या दिसल्या.

ती जाऊन आली की थोड्या वेळानं तिथं मुंग्या जमायच्या, तिथंच, दुसरीकडे कुठं नाही. ताईची पाचावर धारण बसली. आजार परतला, आता डोळेही फसवायला लागले, असं तिच्या मनानं घेतलं. कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारणार तरी कसं? ती मुकाट्यानं बादलीभर पाणी ओतायची. एके सकाळी दादाच आतून ओरडला, "अगं, केवढ्या मुंग्या या!" आणि ताई दाराशी मटकन बसून रडली. आनंदानं. मुंग्या खऱ्या होत्या. ती ठीक होती.

त्या सुटकेच्या भरात तिनं पुढचं सगळं कबूल केलं. दादानं शेजाऱ्याला सांगितलं, शेजाऱ्यानं फुंकरबाबांना आणलं, बाबा म्हणाले शक्ती आहे. वेड नाही, शक्ती! असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. गोळ्या बंद झाल्या. बाबांचं साखर घालून मंतरलेलं पाणी सुरू झालं आणि तहान दुप्पट झाली.

एवढ्या पाण्यानं झोपेत अंथरूण ओलं व्हायला लागलं. या वयात. लाजेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. "मी धुऊन टाकतो. तुझ्या-माझ्यात राहील हे. कुणाला म्हणून कळणार नाही."

त्या दिवशी हॉलमध्ये बाबांचं भाषण लांबलं, ते एका परीनं बरंच झालं. कारण ते सुरू होण्याआधीच मास्तरांनी चोरासारखं मेजापाशी जाऊन, ताटापासून हातभर अंतरावर स्वतःची दोन फडकी ठेवली होती. छापखान्यातली समोरची खुर्ची रिकामी पडल्यापासून त्यांना करमत नव्हतं. आधी एकदा ते या हॉलमध्ये येऊन गेले होते, मागच्या मागे पाहून परत गेले होते. आज मात्र ते उभे राहिले.

"मी… म्हणजे… एक विचारू का?"

"कोण रे ते?" बाबा म्हणाले. "जोरात बोला, मुंग्यासुद्धा तुमच्यापेक्षा मोठ्यानं बोलतात!"

हॉल हसला. मास्तरांचे कान लाल झाले, पण ते मंचावर चढले. "ही दोन फडकी माझ्या घरची आहेत. एक साध्या पाण्यात बुडवलेलं. एक साखरेच्या पाण्यात. तुम्ही बोलत होतात तेवढ्यात… बघा ना."

पुढचे लोक वाकले. मुंग्यांच्या रांगेला फाटा फुटला होता. एक रांग बाबांच्या ताटात, दुसरी मास्तरांच्या साखरेच्या फडक्यावर. साध्या पाण्याचं फडकं नुसतंच ओलं, त्यावर एक मुंगी नाही.

"मग? मास्तरांच्या अंगातही शक्ती आली म्हणायची का?" मागून कुणीतरी खेकसलं आणि पुन्हा हशा झाला. या वेळी तो बाबांच्या बाजूचा नव्हता.

"मला एवढंच सांगा," मास्तर म्हणाले, "तुम्ही हिच्या भावाला चादर न धुता आणायला का सांगितलंत? ते मला त्यांनीच सांगितलं, मोठ्या कौतुकानं. धुतल्यावर काय बिघडलं असतं?"

"साबणानं शक्ती जाते," बाबा म्हणाले.

"साबणानं साखर जाते, बाबा. तुम्हाला ते पक्कं ठाऊक आहे. मुंगी खोटं बोलत नाही, हे तुमचं अगदी बरोबर. ती साखर म्हणतेय. या बाईच्या लघवीतून साखर जातेय."

पुढच्या रांगेतल्या ज्या बाईनं ताटाला डोकं टेकवलं होतं, तिनं पदरानं कपाळ खसाखसा पुसलं.

ताईनं ताटाकडे पाहिलं. पट्टीच्या काठावर निळी वेल होती. ती वेल तिची रोजची. सगळा हॉल ज्याच्यापुढे हात जोडत होता, ती तिची ओली चादर होती. तिनं दादाकडे पाहिलं. दादानं नजर खाली घातली.

"दादा, तू म्हणाला होतास धुतो."

"चिमणे, बाबा म्हणाले म्हणून… तुझं चांगलं व्हावं…"

बाबा मध्ये पडले. "बघा, बघा, हिचं वेड पुन्हा उसळतंय! अविश्वासी माणसाची सावली पडली हिच्यावर! फूं!"

मास्तर तिच्याजवळ आले. श्वासाचा वास घेताच त्यांचा चेहरा उतरला. "हिला आत्ता इस्पितळात न्यायला हवं. हा कसला सुगंध नाही, रक्त आंबट होत चाललंय हिचं."

दादा आडवा आला. "मास्तर, हा आमच्या घरचा मामला आहे. तिला तिचं कळत नाही, तुम्ही तिचं ऐकू नका."

ताईला गरगरत होतं. कुणावर विश्वास ठेवायचा? दादा खोटं बोलला होता. स्वतःवर तर तिनं कधीच धड विश्वास ठेवला नव्हता. तिनं खुर्चीचा हात धरला आणि सवयीनं विचारलं, "मास्तर, मुळात काय आहे?"

"साखर आहे, ताई. बाकी काही नाही. आणि तिच्यावर औषध आहे."

"मग चला," ती म्हणाली. दोन पावलं चालली आणि कोसळली.

शुद्धीवर आली तेव्हा हाताला सलाइन होतं. डॉक्टरीणबाई मोठ्या स्पष्टवक्त्या. "आणखी थोडा उशीर झाला असता तर तुम्ही गेला होतात. मधुमेह आहे तुम्हाला, चांगलाच वाढलेला. तहान, वजन उतरणं, मुंग्या, श्वासाचा वास, सगळं त्याचंच."

"गोळ्यांनी झालं का?" ताईनं विचारलं.

"मनाच्या काही गोळ्यांनी वजन आणि साखर वाढू शकते. पण म्हणून त्या फेकायच्या नसतात. वजन, रक्त, रक्तदाब वरचेवर तपासायचे असतात, लागलं तर औषध बदलायचं असतं. ते तुमच्या दवाखान्यानं केलं नाही. बाबानं तुम्हाला फसवलं, आणि आमच्यातल्यांनीही तुमच्याकडे नीट पाहिलं नाही. मनाचा आजार आहे ना, मग बाकी सगळे मनाचेच खेळ, असं आमच्यातले कितीतरी जण धरून चालतात. शरीर काय शेजाऱ्याचं असतं?"

ताई हसली, आणि मग बराच वेळ रडली. डॉक्टरीणबाईंनी त्याच इस्पितळातल्या मनोविकारतज्ज्ञांना बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून तिची औषधं नव्यानं लावली.

बाबा त्याच दुपारी मागच्या दारानं पसार झाले. हॉलमधले काहीजण आजही म्हणतात, साखर असेल हो, पण तो सुगंध? मास्तर त्यांना पुन्हा समजावतात. त्यांचे कान अजूनही लाल होतात.

ताई कामावर परतली. इन्सुलिन स्वतः टोचायला शिकली. साखर ताब्यात आली, भिंतीही गप्प राहिल्या. फक्त त्या पत्राला उत्तर जाईना. बाबाचा तिला राग नव्हता, तो परका. दादानं जो हात डोक्यावर ठेवला त्याच हातानं चादर बाहेर नेली, ते गिळवत नव्हतं.

एके दुपारी वाचता वाचता ती एका शब्दाशी अडली, तिनं कोश उघडला, आणि या वेळी पत्र बाजूला सारलं नाही. कोरा कागद ओढला.

"दादा,
झालं गेलं मी विसरणार नाही. तूही विसरू नकोस. तू दुष्ट नाहीस, पण तू माझी लाज चारचौघांत मांडलीस आणि त्याला भलं म्हणालास. बाबा काय म्हणतो हे तू ऐकलंस. मी काय म्हणते ते ऐकलं नाहीस, कारण मी आजारी.

घरी राहायला मी येणार नाही. रविवारी भेटायला येईन. पुढच्या तपासणीला तू माझ्यासोबत चल आणि डॉक्टरीणबाईंना जे विचारायचं ते विचार. मुंग्यांबद्दलही विचार. कुणी चमत्कार दाखवला तर आधी विचारावं, दुसरं साधं कारण असू शकेल का. एवढं विचारायला विज्ञान शिकावं लागत नाही.

आणि एक. मी तहान लागलीय म्हणाले, तर तहानच लागलीय असं समज.
चिमणी"

पत्र तिनं मास्तरांना तपासायला दिलं नाही. चौकातल्या लाल पेटीत स्वतः टाकलं. ते तळाशी पडल्याचा बारीक आवाज झाला. शेजारून माणसं जात होती. तो आवाज आला ना, असं तिनं कुणालाच विचारलं नाही.